मनाचा ताण आणि श्वासाचा कासरा

मृग नक्षत्र कोरडे जाते, आर्द्रा लागते, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाला लागून राहतात. बियाणे घरात येऊन पडलेले असते, वखराच्या पाळ्या संपलेल्या असतात, आणि बियाण्यासाठी काढलेल्या पैशाचे व्याज मात्र पावसाची वाट पाहत थांबत नाही. अशा वेळी एखादी सर येते. जमीन वरवर भिजते. शेजारच्या शेतात तिफण धरली गेल्याचे कानावर येते, आणि काल संध्याकाळपर्यंत थांबण्याचा निश्चय करून बसलेला शेतकरी सकाळी पेरणीला निघतो. पुढे दोन आठवडे पावसाचा थेंब पडत नाही. बीज मातीतच करपून जाते व दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर येतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरणी करू नये, हा सल्ला कृषी विभाग व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडून सातत्याने दिला जातो. शेतकऱ्यालाही तो पाठ असतो. तेव्हा ही चूक अज्ञानाने घडते असे म्हणता येत नाही. ज्या घटकेला निर्णय घेतला गेला, त्या घटकेला मन थाऱ्यावर नव्हते, हेच तिचे खरे कारण असते.

हाच प्रकार हंगामभर निरनिराळ्या रूपांनी दिसून येतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली, तेव्हा घाबरून गेलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली. धुऱ्यावरून दोन भावांत बोलाचाली होते. शब्दाने शब्द वाढतो, आणि दहा मिनिटांच्या त्या भांडणापायी पुढील दहा वर्षे तालुक्याच्या न्यायालयाच्या खेपा घालाव्या लागतात. बाजार समितीच्या आवारात दिवसभर गाडी उभी केल्यानंतर मनाजोगता भाव मिळाला नाही, तर तो राग घरी आल्यावर बैलांवर, बायकोवर नाहीतर पोरांवर निघतो. मागाहून त्या माणसालाच अपराध्यासारखे वाटते. मनाला उकळी फुटलेली असताना जी चार-दोन मिनिटे जातात, त्या मिनिटांत शेताचे आणि घराचे फार मोठे नुकसान होऊन बसते.

या चार-दोन मिनिटांना आवर घालण्याचे एक साधन प्रत्येकाजवळ जन्मापासून आहे. त्याला पैसा पडत नाही, ते उधारीवर आणावे लागत नाही. ते साधन म्हणजे श्वास. मात्र आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. कर्ज, बाजारभाव आणि पाऊस यांवर श्वासाचा काही इलाज नाही. दीर्घ श्वास घेतल्याने सातबारावरील बोजा उतरत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर शेतकऱ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. श्वासाने साधते ते इतकेच की, मन उधळले असता ते काही मिनिटांत ताब्यात आणता येते आणि जो निर्णय घ्यावयाचा तो शुद्धीवर राहून घेता येतो.

शरीरात काय घडते

बुजलेला बैल सर्वांनी पाहिलेला आहे. त्याचे कान टवकारतात, डोळे विस्फारतात, कुशी भराभर हलू लागतात, अंगावरचे कातडे थरथरते. माणसाच्या देहात भीतीने किंवा संतापाने जे घडते ते याहून फारसे निराळे नाही. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची मीमांसा केली. संकट समोर दिसताच शरीर झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी करते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, हृदय जोराने धडकू लागते, स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो, पोटातील पचनाचे काम मंदावते, तोंडाला कोरड पडते आणि श्वास उथळ व जलद होतो. समोर वाघ असेल तर ही तयारी प्राण वाचवते. परंतु बँकेची नोटीस आली, मोटारपंप जळाला किंवा संत्र्याच्या बागेचा बहर गळू लागला, तरीही शरीर हीच तयारी करते. आणि तेथे ना झुंजावयाचे असते ना पळावयाचे. साठलेला तो जोर मग भलत्याच वाटेने बाहेर पडतो.

बुजलेल्या बैलाशी कोणी वाद घालीत बसत नाही. जाणता शेतकरी कासरा आखडता घेतो, आवाज खाली आणतो, मानेवरून हात फिरवतो आणि त्याच्या कुशीची धाप उतरेपर्यंत थांबतो. माणसाला मात्र त्याच अवस्थेत "शांत हो, विचार कर" असा उपदेश केला जातो आणि तो वाया जातो. मनाला नुसत्या शब्दाने आवरणे त्या वेळी कठीण असते. शरीराच्या बाजूने गेल्यास ते सोपे जाते.

शरीराच्या बाजूची वाट म्हणजे श्वासच का, याला कारण आहे. हृदयाची धडधड, आतड्यांची हालचाल, घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचे लहानमोठे होणे, ही सारी कामे आपल्या इच्छेवाचून चालतात. "हृदया, सावकाश चाल" असे म्हटल्याने ते सावकाश चालत नाही. श्वासाचे तसे नाही. तो झोपेतही आपोआप चालतो आणि मनात आणले तर हवा तसा लांबवताही येतो. आपोआप चालणाऱ्या या साऱ्या यंत्रणेचा हाताशी येणारा कासरा म्हणावा तर तो हाच.

याची प्रचिती कोणालाही घरबसल्या घेता येईल. स्वस्थ बसून मनगटावरील नाडीवर तीन बोटे ठेवावीत आणि श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि बाहेर सोडताना ती मंदावते, असा फरक पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, बोटांखाली जाणवतो. मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून छाती-पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नावाची एक मोठी नस आहे. हृदयाला धिमे करण्याचे काम तिच्याकडे आहे, आणि श्वास सोडत असताना तिचा अंमल वाढतो. म्हणून शांत होण्याची किल्ली श्वास पुष्कळसा आत ओढण्यात नसून तो सावकाश बाहेर सोडण्यात आहे. पुष्कळांची समजूत नेमकी याच्या उलट असते. छाती फुगवून भराभर हवा ओढली की मन शांत होईल असे त्यांना वाटते, आणि तसे करणारा माणूस अधिकच कासावीस होतो.

मोठ्या माणसाचे श्वास विसाव्याच्या वेळी मिनिटाला साधारणतः बारा ते वीस पडतात. ते सहाच्या आसपास आणले, म्हणजे एका श्वासाला घेणे-सोडणे मिळून दहा सेकंद दिले, तर त्याचा विशेष गुण येतो. रक्तदाब कमीजास्त होऊ लागला की तो ठिकाणावर आणणारी एक यंत्रणा शरीरात आहे. तिची स्वतःची लयही सुमारे दहा सेकंदांचीच असते. दोन्ही लयी एकमेकींशी जुळल्या म्हणजे हृदयावरील ताबा अधिक चांगला राहतो.

वऱ्हाडला हे नवे नाही

शरीर कमावण्याची विद्या या भागात जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने उभे राहिले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आखाड्यातील वस्ताद दम टिकविण्याला किती महत्त्व देतात, हे ज्याने जोर-बैठका मारल्या आहेत त्याला सांगावयास नको. दोन कुस्त्यांच्या मध्ये नाकाने सावकाश श्वास घेऊन धाप उतरवणारा मल्ल हीच विद्या वापरीत असतो. ती धुऱ्यावरच्या भांडणातही कामी येते, एवढेच त्याच्या ध्यानात आलेले नसते.

प्राणायामाला प्रयोगशाळेत नेण्याचे पहिले मोठे कामही महाराष्ट्रातच झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापण्यास सुरुवात केली. श्वास, नाडी व रक्तदाब यांची मोजमापे घेऊन योगक्रियांचा विचार करण्याची ती नवी रीत होती. प्राणायामाची थोरवी केवळ जादा प्राणवायू मिळण्यात आहे ही लोकप्रिय समजूत त्यांनी मान्य केली नाही. मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणाला त्यांनी अधिक महत्त्व दिले. आज, शंभर वर्षांनंतरही, हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नागपूर येथे जनार्दनस्वामींच्या प्रेरणेने योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून योगाभ्यासाचा प्रसार करीत आले आहे.

परंतु खेड्यातील माणसाला श्वास लांबवण्याची सवय व्यायामशाळेपेक्षाही भजनाने लावली आहे. अमरावती जिल्ह्यात मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ घालून दिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे तो गावोगाव पोहोचविला. सायंकाळी दहा-वीस माणसे एकत्र बसून एका सुरात म्हणू लागली की प्रत्येकाला चरण पुरा होईपर्यंत श्वास पुरवावा लागतो. श्वास घ्यावयास थोडा अवसर, सोडावयास पुष्कळ. म्हणजे नेमके हवे तेच. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या जवळ आली आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची तत्परता वाढलेली आढळली. धर्म निराळे, भाषा निराळी, श्वास मात्र एकच. भजनाला बसणाऱ्या म्हाताऱ्यांची झोप चांगली का, याचे थोडेबहुत उत्तर यात असावे.

प्रत्यक्ष कृती

रीत अगदी साधी आहे. हातातील काम खाली ठेवावे. पाठीवर फवारणीचा पंप असेल तर तो उतरवावा, हात-तोंड स्वच्छ धुवावे आणि फवारलेल्या पट्ट्यापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जावे. निंबाखाली, गोठ्याच्या ओट्यावर किंवा बैलगाडीच्या दांडीवर, जेथे पाठ सरळ राहील तेथे बसावे. उभे राहूनही चालते. सदऱ्याची गळ्याची गुंडी व कमरेचा पट्टा सैल करावा. एक हात बेंबीवर ठेवावा. आता तोंड मिटून नाकाने, मनात सावकाश चार अंक मोजीत श्वास आत घ्यावा. या वेळी बेंबीवरचा हात पुढे आला पाहिजे. खांदे वर उचलले जात असतील तर श्वास छातीतच अडकतो आहे असे समजावे. पाळण्यात निजलेल्या मुलाचे पोट कसे वरखाली होते ते आठवावे. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. मग सहा अंक मोजीत श्वास नाकाने किंवा किंचित उघडलेल्या ओठांनी सोडावा. गरम चहाच्या बशीवर फुंकर घालताना चहा सांडू नये इतक्या हळुवारपणे तो सोडावयाचा असतो. मध्ये श्वास कोंडून धरू नये. असे सहा श्वास झाले की एक मिनिट होते. तीस झाले की पाच मिनिटे. बोटांच्या पेरांवर मोजल्यास घड्याळाची गरज नाही.

प्रारंभी चार-सहाचे माप जड जाते. दम अपुरा पडल्यासारखे वाटल्यास तीन घ्यावेत, चार सोडावेत. अंकांचा आग्रह मुळीच नाही. सोडणे घेण्यापेक्षा लांब असावे, इतका एकच नियम सांभाळला म्हणजे झाले.

प्रसंग फारच तातडीचा असेल, समोरचा माणूस अंगावर येऊन बोलत असेल, तर याहून आखूड अशी एक तऱ्हा आहे. नाकाने श्वास घ्यावा. तो भरत आला असे वाटताच त्यावर आणखी एक छोटासा श्वास ओढावा. आणि मग तोंडाने लांब सुस्कारा सोडावा. दोन किंवा तीन वेळा असे केल्याने छातीतील आवळलेपणा पुष्कळसा उतरतो. सुस्कारा हा मुळी निसर्गाचाच उपाय आहे. फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म फुगे मिटू लागतात, ते उघडण्यासाठी माणूस दर काही मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेत असतो. रडून दमलेले मूल निजण्यापूर्वी हुंदक्यासारखा दुहेरी श्वास घेते तोही याच जातीचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभराहून अधिक लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटे निरनिराळे अभ्यास करावयास दिले. ज्यांना सुस्काऱ्याचा अभ्यास दिला होता त्यांच्या मनाच्या प्रसन्नतेत नुसते ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढ दिसली आणि त्यांची श्वासाची गतीही खाली आली. घरातील वडीलधारी मंडळी सुस्कारा सोडणाऱ्याला रागावतात. ते अशुभ मानण्याचे काही कारण नाही.

घरून शेतापर्यंतची वाट हा सरावाचा उत्तम काळ होय. चार पावलांना श्वास घ्यावा, सहा पावलांना सोडावा. सकाळी जाताना व संध्याकाळी येताना पाच-पाच मिनिटे इतके केले तरी पुष्कळ. शेतकरी भगिनींना चुलीपुढे किंवा धुरात हा सराव करण्यास सांगणे योग्य नव्हे. त्यांनी तो निजण्यापूर्वी अंथरुणावर उताणे पडून, पोटावर हात ठेवून करावा. दिवसभर निंदण किंवा कापसाची वेचणी करून आलेल्या बाईला घरी आल्यावरही विसावा मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तिला ही दहा मिनिटे कोणी उठवू नये, एवढी व्यवस्था घरच्या पुरुषांनी करावी.

सराव आधी का, असा प्रश्न विचारला जातो. डवरा हाती धरताच सरळ चालत नाही. पहिल्या दिवशी तो पिकावर जातो. तसेच हेही आहे. शांत असताना हाताखालून गेलेली गोष्टच संतापाच्या वेळी आठवते. दहा-पंधरा दिवस नेमाने सराव केल्याखेरीज प्रसंगी उपयोग झाला नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

आणखी एक. दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो, पण रक्तात उतरलेले ॲड्रिनॅलिन त्याच क्षणी नाहीसे होत नाही. हातांची थरथर आणखी थोडा वेळ राहते, राग पुन्हा उसळी घेतो. यासाठी पाच मिनिटे पुरी होऊ द्यावीत आणि त्यानंतरही मोठा निर्णय असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. पेरणी करावयाची की थांबावयाचे, गोऱ्हा विकावयाचा की ठेवावयाचा, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावयाचा की नाही, यांपैकी कोणतीही गोष्ट एका रात्रीने नासत नाही.

काय टाळावे

घाबरलेला माणूस भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातील कर्बाम्ल वायूचे प्रमाण खाली जाते. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. आता आपण मरतो असे त्याला वाटते, आणि त्या भीतीने तो आणखी वेगाने श्वास घेतो. त्याला अशा वेळी "मोठा श्वास घे" असे सांगणे म्हणजे आगीवर तेल ओतणे होय. त्याच्या शेजारी बसून, आपला स्वतःचा श्वास त्याला ऐकू येईल असा सावकाश सोडावा आणि त्याला आपल्याबरोबर सोडावयास लावावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नये. दुखणे निराळेच निघाले तर तो घातक ठरतो.

भस्त्रिका, कपालभाती यांसारख्या जलद क्रिया अंगात उत्तेजन आणणाऱ्या आहेत. तत्काळ शांत होण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. रक्तदाब, हृदयविकार व मिरगी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या, तसेच कुंभक, जाणत्याच्या देखरेखीवाचून करू नयेत. दम्याच्या रोग्याने आपले औषध सोडून श्वासाच्या अभ्यासावर विसंबू नये. ट्रॅक्टर चालवीत असताना डोळे मिटून बसण्याचा मोह कोणालाही होणार नाही, तरी सांगितलेले बरे.

प्रत्येक धाप ताणाची नसते

ही बाब या पत्रिकेच्या वाचकांनी विशेष काळजीने वाचावी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ व लगतच्या जिल्ह्यांत फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि कित्येकांचे प्राण गेले. कीटकनाशकांपैकी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील औषधांची बाधा झाली असता छाती आवळणे, जीव घाबरा होणे, अंगाला घाम सुटणे, ही लक्षणे दिसतात, आणि वरवर पाहता ती मानसिक ताणाच्या लक्षणांसारखीच असतात. परंतु त्यांच्या जोडीला तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, मळमळ व उलटी होते, दिसणे धूसर होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात आणि स्नायू फडफडू लागतात. ताणात तोंडाला कोरड पडते, विषबाधेत लाळ गळते. बाहुल्या ताणात मोठ्या होतात, विषबाधेत बारीक. एवढी खूण लक्षात ठेवावी. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असे काहीही आढळल्यास श्वासाचे प्रयोग करीत बसू नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर घ्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रोग्यास दवाखान्यात न्यावे. या बाधेवर ॲट्रोपिन व अन्य उपचार आहेत आणि ते वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो.

वैशाखातील अकोल्याचे ऊनही असेच फसवे असते. उन्हात काम करताना डोके गरगरणे, बोलण्यात असंबद्धता येणे, अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची चिन्हे होत. तेथे सावली, अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना हाच क्रम. छातीत कळ येऊन ती डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर तेही ताणावर ढकलून घरी थांबू नये.

श्वास पुरा पडत नाही तेथे

कित्येकदा ताण चार मिनिटांचा नसतो, चार महिन्यांचा असतो. झोप पहाटे तीनला मोडते, अन्नावरची वासना जाते, पोळ्याचा सणही गोड लागत नाही, बैलांकडे लक्ष राहत नाही, माणूस चावडीवर येईनासा होतो. हे दुखणे आहे, आणि त्याला उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' या नावाने एक उपक्रम झाला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले गेले. त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली, प्राथमिक धीर दिला, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आरंभी नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चौघांनी कोणाची तरी मदत घेतली होती. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. त्या गावांतील आत्मघाताचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आले. गावाचीच माणसे थोड्या शिक्षणाने हे काम करू शकतात, हे वऱ्हाडच्या मातीत सिद्ध झालेले आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी या भागात झालेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार येणे ही लाजेची गोष्ट नव्हे. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा चढतो व ओसरतो, आणि ती लाट ओसरेपर्यंत कोणीतरी जवळ असणे हेच सर्वांत मोठे औषध असते. घरातील माणूस तसे बोलून गेला, तर त्याला हसण्यावारी नेऊ नये, एकटे सोडू नये, सरळ विचारावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. शेतीची औषधे घरात उघड्यावर न ठेवता कुलूपबंद पेटीत, राहत्या घरापासून दूर ठेवावीत व किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी. हंगाम संपताच उरलेले औषध साठवून ठेवू नये. मुलांच्या व जनावरांच्या रक्षणासाठी तर हे करावयाचेच असते. शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. अमरावती येथे जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. आपल्या गावाच्या आशा कार्यकर्तीलाही विचारावे. वाट ती दाखवू शकते.

श्वासाचा सराव एकट्यानेच करावा असे नाही. शेतीशाळेचा वर्ग भरतो, बचत गटाची बैठक होते, सायंकाळी प्रार्थनेला मंडळी जमतात. अशा प्रत्येक ठिकाणी आरंभीची पाच मिनिटे यासाठी काढता येतील. कृषी सहायकांनी व गावातील शिक्षकांनी प्रथम स्वतः पंधरा दिवस करून पाहावे आणि मगच दुसऱ्यास शिकवावे. शिकविताना एकाने चार व सहा अंक मोठ्याने मोजावेत, इतरांनी बेंबीवर हात ठेवून करावे, आणि कोणास चक्कर आल्यास त्याने थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. मृगाला अजून अवकाश असताना, म्हणजे नांगरटी-वखरणीच्या दिवसांतच, हा सराव सुरू करणे सोयीचे जाईल.